सौर-पवन स्वस्त झाले, मग कोळसा-तेल हटत का नाही?

उत्तररात्र (धागालेखक)

ऊर्जेवर चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सौरऊर्जा आता सगळ्यात स्वस्त आहे, पुढचं बाजार बघून घेईल." यातला पहिला भाग खरा आहे. २०१० ते २०२४ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभरात सरासरी ९० टक्क्यांच्या आसपास उतरला. लिथियम बॅटऱ्यांचंही तेच. २०२४ मध्ये जगातली ४० टक्क्यांहून जास्त वीज जलविद्युत, अणुऊर्जा, सौर, पवन अशा कमी कार्बन सोडणाऱ्या स्रोतांतून आली. तरीही वाहनं, कारखाने, उष्णता असं सगळं धरलं तर जगाच्या एकूण ऊर्जेत कोळसा, तेल आणि वायू या जीवाश्म इंधनांचा वाटा अजून ८० टक्क्यांच्या घरात आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ पीपीएम (दहा लाख भागांत ३१५) होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. "बाजार बघून घेईल" हे मला पटत नाही, ते यासाठी.

स्वस्त वीज आली की नवं केंद्र सौर किंवा पवनचं उभं राहतं, इथपर्यंत बाजाराचं काम बरोबर चालतं. पण जुनं औष्णिक केंद्र आपोआप बंद पडत नाही. त्याचं कर्ज फिटलेलं असतं, वीस-पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार असतो, त्यावर एखादं गाव पोसलेलं असतं, सरकारच्या तिजोरीत त्यातून पैसा येत असतो. मागणी वाढत असेल तर नवं आणि जुनं दोन्ही शेजारी शेजारी चालतात. जुनं बंद करायचं असेल तर कोणाला तरी तारीख ठरवावी लागते आणि ती पाळावी लागते.

ब्रिटनचं उदाहरण बघा. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीजकेंद्र लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्टला १८८२ साली सुरू झालं. २०१२ मध्येही तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचं केंद्र थांबलं. बारा वर्षांत ४० वरून शून्य! पॅनेल स्वस्त झाले म्हणून हे घडलं असं नाही. प्रदूषणाच्या नियमांमुळे जुनी केंद्रं आधीच अडचणीत आली होती. २०१३ पासून सरकारने कार्बनला किमान किंमत लावली, त्यामुळे कोळसा महाग पडू लागला. समुद्रातल्या पवनचक्क्यांना दीर्घ मुदतीचे हमीभाव दिले. आणि २०१५ मध्ये कोळसा बंद करण्याची मुदत जाहीर केली, पुढे ती आणखी अलीकडे आणली. ही सगळी राजकीय निर्णयांची यादी आहे. (कोळशाची बरीचशी जागा सुरुवातीला वायूने घेतली हेही नोंदवायला हवं. तो प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही.)

आता दुसरी बाजू. ज्यांना तारीख नको आहे, ते गप्प बसलेले नव्हते. एक्सॉन या तेल कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांसमोर कार्बन डायऑक्साइड आणि तापमानवाढीचा विषय मांडला होता. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या काळात केलेले अंदाज २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या अभ्यासात तपासले गेले. त्यातले ६३ ते ८३ टक्के अंदाज पुढच्या प्रत्यक्ष तापमानवाढीशी जुळले. म्हणजे आतल्यांना कळत होतं, आणि नीट कळत होतं. बाहेर मात्र "विज्ञान अजून पक्कं नाही" हाच सूर लावला गेला. १९८८ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटसमोर तापमानवाढीबद्दल साक्ष दिली, आणि पुढच्याच वर्षी तेल, कोळसा, मोटार उद्योगांची, उत्सर्जनावरच्या बंधनांना विरोध करणारी 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' उभी राहिली. १९९७ मध्ये उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो करारावर सह्या होण्याआधीच सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव करून टाकला की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हाला असा करार नको. एकही मत विरोधात पडलं नाही. सगळे सिनेटर विकले गेले होते असं मी म्हणणार नाही, पण अमेरिकी राजकारणाचं वारं कोणत्या दिशेला वळवलं गेलं होतं ते यातून दिसतं.

पुढे शंका पेरणं अवघड झालं तेव्हा जबाबदारी सरकवली गेली. 'तुमचा कार्बन फूटप्रिंट (तुमच्यामुळे होणारं उत्सर्जन) किती?' हा प्रश्न घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००४ च्या सुमाराच्या जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. दिवे बंद करा, पिशवी कापडी वापरा. हे करूच नये असं नाही. पण तेलविहीर खणायचा परवाना देणारी सही माझ्या घरात होत नाही.

म्हणून चर्चेसाठी प्रश्न असा: हवामान चळवळीने जोर नेमका कुठे लावावा? माझं मत, बंद करण्याच्या तारखा, नवे परवाने आणि विजेच्या वाहिन्या या तीन ठिकाणी. असहमती असेल तर जरूर लिहा.

---

पारेषण

चांगला धागा. वाहिन्यांचं नाव घेतलंत म्हणून राहवलं नाही, माझं रोजचं काम तेच आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात किमान ३,००० गिगावॉटचे सौर-पवन प्रकल्प ग्रिडला (विजेच्या वाहिन्यांच्या जाळ्याला) जोडणी मिळण्याच्या रांगेत उभे होते, त्यातले १,५०० बऱ्यापैकी तयारीचे. सौर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी, जमीन, परवानग्या, न्यायालयं हे सगळं धरून पाच ते पंधरा वर्षं खाते. पॅनेल स्वस्त होऊन या रांगेत काही फरक पडत नाही.

दुसरं, "सूर्य मावळला की काय करणार" हा प्रश्न सगळे विचारतात, पण ग्रिडवाल्याची झोप उडते ती सेकंदांच्या हिशेबाने. ९ ऑगस्ट २०१९ ची ब्रिटनमधली घटना सांगतो. शुक्रवारची संध्याकाळ, पाचला काही मिनिटं कमी. एका वाहिनीवर वीज पडली. असं वर्षभरात अनेकदा होतं, वाहिनी क्षणात सावरते. पण त्याच वेळी हॉर्नसी या समुद्रातल्या पवनप्रकल्पाचं उत्पादन जवळपास सगळंच्या सगळं गेलं आणि लिटल बारफर्ड वायूकेंद्रातलं एक जनित्रही सुटलं. शिवाय विखुरलेले छोटे स्रोत आपापल्या संरक्षण यंत्रणेमुळे आपणहून बाहेर पडले. ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं, जी स्थिर राहावी लागतात) ५० हर्ट्झवरून ४८.८ पर्यंत घसरली आणि स्वयंचलित यंत्रणेने ५ टक्के मागणी तोडली. दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात. वीज तासाभराच्या आत परत आली, पण लंडनभोवतीच्या रेल्वेचे हाल रात्रीपर्यंत चालले. का? एका प्रकारच्या गाड्यांची नियंत्रणप्रणाली ४९ च्या खाली गेल्यावर बंद पडली होती आणि त्यातल्या कित्येक गाड्या तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष पोचल्याशिवाय चालूच होईनात.

बघा, यात पवनप्रकल्पही चुकला आणि वायूकेंद्रही. पवनप्रकल्पाच्या बाबतीत दोष नियंत्रणाच्या सेटिंगमध्ये होता. मोठ्या औष्णिक केंद्रांचे शेकडो टनांचे फिरते रोटर अशा वेळी आपल्या जडत्वाने फ्रिक्वेन्सीची घसरण मंद करतात. ती केंद्रं गेली की ते जडत्व दुसरीकडून आणावं लागतं: ग्रिड स्वतः उभा धरू शकणारे इन्व्हर्टर, बॅटऱ्या, किंवा इंधन न जाळता नुसते फिरत राहणारे सिंक्रोनस कंडेन्सर. तंत्र सगळं उपलब्ध आहे. ते बसवायचा खर्च कोणाच्या बिलात टाकायचा हे ठरत नाही, तिथे गाडं अडतं.

---

नवखा_वाचक

पारेषण, मग एप्रिल २०२५ मध्ये स्पेन-पोर्तुगाल पूर्ण अंधारात गेलं, ते जास्त सौरऊर्जेमुळेच ना? तेव्हा सगळीकडे तसंच वाचलं होतं.

---

पारेषण

@नवखा_वाचक, तपासात पुढे आलं ते व्होल्टेजचं प्रकरण. व्होल्टेज चढत गेलं, ते आवरायला हवं होतं ती यंत्रणा कमी पडली, आणि एकामागून एक केंद्रं सुटत गेली. सौर-पवन केंद्रांना व्होल्टेज सांभाळण्याचं काम करता येतं, आजचे इन्व्हर्टर ते करू शकतात. तिथल्या नियमांनी ते काम त्यांच्याकडून तेव्हा त्या पद्धतीने करून घेतलं जात नव्हतं. म्हणून "सौर नसतं तर झालंच नसतं" आणि "सौरचा काही संबंध नाही" ही दोन्ही टोकं सोडून द्या. नियम जुन्या ग्रिडचे होते, ग्रिड बदलला होता.

उलटं उदाहरणही आहे. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत सगळ्यात मोठी तूट वायूच्या बाजूने आली. विहिरी, पाइप, केंद्रांची उपकरणं गोठली. सरकारी नोंदीनुसार २४६ माणसं गेली आणि अख्खा ग्रिड कोसळायला चार-पाच मिनिटं उरली होती. त्या आठवड्यात टीव्हीवर दोष मात्र गोठलेल्या पवनचक्क्यांना दिला जात होता.

---

रोखठोक

धागालेखकांचा हेतू प्रामाणिक आहे, पण मांडणी श्रीमंत देशांच्या खिडकीतून केलेली वाटते.

ब्रिटनने कोळसा बंद केला तो दीडशे वर्षं जाळून झाल्यावर. औद्योगिक क्रांतीपासून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. अख्ख्या आफ्रिकेचा ३ टक्क्यांच्या आसपास. मग तारीख कोणी कोणाला द्यायची? नॉर्वे बघा. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरच्या होत्या, आणि तोच देश तेल-वायू विकून जगातला सगळ्यात मोठा सरकारी निधी सांभाळून आहे. घरात स्वच्छता आणि धंदा धुराचा. असा देश गरिबांना उपदेश करू लागला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आणि चीन? जगातला निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन वापरतो. सौर पॅनेलच्या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात ८० टक्क्यांहून जास्त वाटाही त्याचाच. आज तेलासाठी आखाताकडे बघावं लागतं, उद्या पॅनेल आणि बॅटरीसाठी चीनकडे. परावलंबन संपलं कुठे?

बॅटरीतल्या कोबाल्टचा बहुतांश भाग काँगोच्या खाणींतून येतो, तिथे मुलं राबतात. त्यावर आंदोलक फारसे बोलत नाहीत. शेवटचं, पोलाद आणि सिमेंट. दोन्ही मिळून जगाच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा, साधारण सातवा भाग. ते पवनचक्कीवर कसं बनवणार?

---

उत्तररात्र (धागालेखक)

@रोखठोक, ऐतिहासिक जबाबदारीबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. ज्यांनी जास्त जाळलं त्यांच्या तारखा आधी, आणि पैसाही त्यांनी द्यायचा. पैशाची बाजू तर तुम्ही म्हणता त्याहून वाईट आहे. सौरऊर्जेसाठी जगात सर्वोत्तम असलेल्या जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत, बसवलेली क्षमता जगाच्या १ टक्क्याच्या आसपास. सूर्य फुकट असला तरी प्रकल्पाचा जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, म्हणून व्याजदरावर सगळं ठरतं. श्रीमंत देशात ज्या दराने कर्ज मिळतं त्याच्या दुपटी-तिपटीने गरीब देशात भांडवल पडतं. तोच पॅनेल, तेच ऊन, आणि वीज महाग. बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ मध्ये विकसनशील देशांना मदत म्हणून २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर असा आकडा ठरला. विकसनशील देशांची मागणी त्याच्या कितीतरी पट होती.

परावलंबनाबद्दल मात्र एक फरक लक्षात घ्या. तेलाचा पुरवठा थांबला की काही आठवड्यांत वाहनं थांबतात. १९७३ मध्ये तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, २०२२ मध्ये युरोपला रशियन वायूचा तोच अनुभव आला. पॅनेलचा पुरवठा थांबला तर नवे बसणार नाहीत, आधी बसवलेले पुढची पंचवीस वर्षं वीज देत राहतील. धोका दोन्हींत आहे, पण त्याची जात वेगळी आहे.

---

लोहभट्टी

पोलादावर थोडं. झोतभट्टीत कोळसा दोन कामं करतो, उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. हे दुसरं काम हायड्रोजन करू शकतो, बाहेर पाण्याची वाफ पडते. स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये असं पोलाद बनवून ग्राहकाला दिलं. तंत्र सिद्ध झालं आहे, पण हायड्रोजन बनवायला लागणारी प्रचंड स्वच्छ वीज आणि जास्तीची किंमत हे प्रश्न उभेच आहेत. भंगारापासून विजेच्या भट्टीत होणारं पोलाद तर कित्येक दशकं जुनं आहे. सिमेंट खरंच अवघड. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टी कशावरही चालवा. रोखठोक यांचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

पण म्हणून वीज आणि मोटारी यांचं सोपं काम का थांबवायचं? पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली दोन तृतीयांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेत वाया जाते. विजेच्या मोटारीत बहुतांश ऊर्जा चाकापर्यंत पोचते. त्यामुळे "८० टक्के जीवाश्म" मधला प्रत्येक टक्का जशास तसा भरून काढायची गरजच नाही.

---

रानवारा

या सगळ्यात एक बाजू राहून जाते. स्वच्छ वीजसुद्धा कोणाच्या तरी जमिनीवर उभी राहते.

नॉर्वेच्या मध्य भागात फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहेइया आणि रोआन असे दोन पवनप्रकल्प आहेत, मिळून १५१ पवनचक्क्या. ही सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांची रेनडिअर चारण्याची हिवाळी कुरणं. रेनडिअर पवनचक्क्यांच्या जवळ फिरकत नाहीत, म्हणजे कुरण नकाशावर राहिलं तरी कळपाला उपयोगाचं उरत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हे परवाने सामींच्या संस्कृती जगण्याच्या हक्काचा भंग करतात, ते अवैध आहेत. मग काय झालं? पाती फिरत राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ऑस्लोत ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. ग्रेटा थुनबर्गही त्यांच्याबरोबर बसली होती. हवामान चळवळीचा सगळ्यात ओळखीचा चेहरा पवनप्रकल्पाच्या विरोधात रस्त्यावर, यावर बरेच जण गोंधळले. मला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. पुढे २०२३-२४ मध्ये तडजोडी झाल्या, दरवर्षी भरपाई आणि दुसरीकडे हिवाळी कुरणं. पवनचक्क्या तिथेच आहेत.

संमती आधी घ्यायची की निकालानंतर भरपाई द्यायची, हे ठरवल्याशिवाय "जलद संक्रमण" म्हणू नये. जिथे लोकांचा हिस्सा असतो तिथे चित्र वेगळं दिसतं. कोपनहेगनसमोरचा मिडलग्रुंडेन पवनप्रकल्प २००० साली उभा राहिला, त्याची निम्मी मालकी हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. शहरातून तो सरळ डोळ्यांसमोर दिसतो.

---

काजळी

रानवारा यांना अनुमोदन. मी कामगारांबद्दल लिहितो/लिहिते असं कोणी तरी म्हणेल म्हणून वाट पाहत होते, कोणीच लिहिलं नाही.

कोळसा बंद करण्याच्या दोन पद्धती जगाने पाहिल्या. ब्रिटनमध्ये मार्च १९८४ ला सरकारने खाणी बंद करून सुमारे २०,००० नोकऱ्या काढायचं ठरवलं. वर्षभर संप चालला, पोलीस आणि कामगार समोरासमोर आले, संप मोडला. ती गावं चाळीस वर्षांनीही सावरलेली नाहीत. तेव्हा हवामानाचा विषयही नव्हता, हे ध्यानात ठेवा. दुसरी पद्धत स्पेनची. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार आणि खाणकामगार संघटना यांच्यात करार झाला: बहुतेक कोळसा खाणी वर्षअखेरीस बंद, त्याबदल्यात ४८ च्या वरच्यांना मुदतपूर्व निवृत्ती, बाकीच्यांना प्रशिक्षण, खाणीच्या जमिनी सुधारण्याच्या कामात आधी त्याच कामगारांना प्राधान्य, आणि २५ कोटी युरोंची तरतूद. संघटनांनी स्वतः सही केली.

फ्रान्समध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरात काय झालं आठवा. इंधनावरचा कर वाढणार होता. शहराबाहेर राहणाऱ्या, गाडीशिवाय कामावर जाऊ न शकणाऱ्या लोकांनी पिवळी जॅकेटं घातली आणि चौक अडवले. करवाढ मागे घ्यावी लागली. "हवामानविरोधी" म्हणून त्यांना हिणवणं चूक होतं. पर्याय न देता भुर्दंड आधी त्यांच्यावर टाकला होता.

दक्षिण आफ्रिकेतलं कोमाती कोळसा वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं, न्याय्य संक्रमणाचा (कामगारांना वाऱ्यावर न सोडता कोळसा सोडण्याचा) नमुना म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. जागतिक बँकेचा पैसा होता. पण केंद्र आधी थांबलं आणि पर्यायी कामं मागून रांगत आली. त्या पट्ट्यातल्या इतर केंद्रांचे कामगार आता "कोमाती" हे नाव ऐकूनच विरोधाला उभे राहतात. एक घाईची तारीख पुढच्या दहा तारखा अडवते. म्हणून उत्तररात्र, तारीख हवीच, पण तिच्या आधी तीन-चार वर्षं त्या गावात काम सुरू झालेलं हवं.

---

नवखा_वाचक

अणुऊर्जेचं कोणीच बोललं नाही?

---

पारेषण

चालू असलेल्या सुरक्षित अणुभट्ट्या कोळशाच्या आधी बंद करू नयेत, असं माझं स्पष्ट मत. जर्मनीने शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या, कोळशाची कायद्यातली अंतिम मुदत मात्र २०३८. क्रम उलटा लागला. नव्या भट्ट्यांचं वेगळं. फिनलंडच्या ओल्किलुओतोचं तिसरं युनिट २००५ ला बांधायला घेतलं, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. ज्याला जमेल त्याने बांधावं, पण त्यावर विसंबून बाकीचं थांबवू नये.

---

पायवाट

धाग्यातला मूळ प्रश्न चळवळीचा होता, तिकडे येते.

सूप फेकण्यावरून लगेच सगळे हमरीतुमरीवर येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनला 'जस्ट स्टॉप ऑइल' या हवामान संघटनेकडून व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुलं' या चित्रावर सूप फेकलं गेलं, चित्र काचेमागे होतं, चौकटीला इजा झाली. मला स्वतःला ती कृती पटली नव्हती, कारण चित्राचा आणि तेलाचा संबंध बघणाऱ्याला कळतच नाही. पण शिक्षा बघा. लंडनभोवतीचा महामार्ग अडवण्याची योजना केली म्हणून २०२४ मध्ये त्याच संघटनेच्या पाच जणांना चार ते पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. पुढे अपिलात त्या कमी झाल्या. अहिंसक आंदोलनाला इतका तुरुंग! त्या संघटनेची मुख्य मागणी होती तेल-वायूचे नवे परवाने नकोत. जुलै २०२४ मध्ये निवडून आलेल्या ब्रिटिश सरकारने तेच धोरण म्हणून जाहीर केलं.

आणि हे युरोपातलं झालं. नायजेरियात नायजर नदीच्या मुखप्रदेशात ओगोनी लोकांची जमीन आणि पाणी तेलाने नासलं, त्याविरुद्ध केन सारो-विवा यांनी लाखोंना उभं केलं. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी राजवटीने त्यांना आणि आठ सहकाऱ्यांना फाशी दिली. शेल कंपनीने २००९ मध्ये कुटुंबीयांशी १.५५ कोटी डॉलरची तडजोड केली, दोष मान्य केला नाही. हवामान चळवळ २०१८ मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केली असं जे मानतात त्यांनी हे नाव विसरू नये.

धागालेखकांच्या "परवाने" या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा. इक्वेडोरमध्ये ऑगस्ट २०२३ ला सार्वमत झालं: यासुनीच्या जंगलातल्या एका मोठ्या तेलक्षेत्रात तेल जमिनीतच ठेवायचं का? सुमारे ५९ टक्के लोक हो म्हणाले. तेलावर जगणाऱ्या, कर्जात असलेल्या देशाने हे केलं. विहिरी बंद करायचं काम सरकार रेंगाळत करतंय, त्यासाठी तिथले लोक अजून लढताहेत.

आणि वानुआतू हा छोटा द्वीपदेश. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूच्या सरकारला पटवलं, सरकारने इतर देशांना, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव एकमताने झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं. देशांवर हवामान रक्षणाची कायदेशीर बांधिलकी आहे, आणि जीवाश्म इंधनाचं उत्पादन, नवे शोधपरवाने, अनुदानं यांवर योग्य पावलं न उचलणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतं. मत सल्ल्याचं आहे, पण कुठल्याही देशातला वकील ते आता उद्धृत करू शकतो.

---

रोखठोक

पायवाट, वानुआतूचं तपशिलात माहीत नव्हतं. चांगली माहिती दिलीत. पण कायद्याची तलवार दुधारी आहे. नेदरलँड्सने २०३० पर्यंत कोळशावरची वीज बंद करण्याचा कायदा केला, तर आरडब्ल्यूई आणि युनिपर या जर्मन कंपन्यांनी ऊर्जा सनद कराराखाली (परदेशी गुंतवणूकदारांना देशांवर दावा लावू देणारा आंतरराष्ट्रीय करार) लवादात नुकसानभरपाई मागितली. दावे पुढे मागे घेतले गेले, पण छोटा देश असता तर नुसत्या नोटिशीने कायदाच गुंडाळला असता. त्या कराराबाहेर पडलं तरी जुन्या गुंतवणुकीला वीस वर्षं संरक्षण राहतं.

आणि अनुदानं. नाणेनिधीच्या हिशेबात २०२२ मध्ये जीवाश्म इंधनांना उघड अनुदानं १.३ लाख कोटी डॉलर होती. प्रदूषणाचा न वसूल झालेला खर्च धरला तर ७ लाख कोटी. ही उघड अनुदानं एका फटक्यात काढली तर स्वयंपाकाचं इंधन महागतं आणि गरिबांची चूल आधी विझते. काजळी यांनी फ्रान्सचं सांगितलं तेच.

---

काजळी

@रोखठोक, म्हणून अनुदान काढायचं तर आधी लोकांच्या खात्यात पैसे, मग भाववाढ. इराणने २०१० मध्ये तो क्रम पाळला होता, घराघरात रोख रक्कम आधी जमा झाली. पुढे महागाईने ती रक्कम खाल्ली, पण सुरुवातीला उद्रेक झाला नाही.

कोबाल्टबद्दलही राहिलं होतं. काँगोमधला प्रश्न खरा आहे आणि तो लावून धरायलाच हवा. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट अजिबात लागत नाही, आणि विजेच्या मोटारींत आता जवळपास निम्म्या बॅटऱ्या तशा आहेत. त्याच तराजूत हेही ठेवा की जग दरवर्षी ८०० कोटी टनांहून जास्त कोळसा खणतं, आणि तो एकदा जाळला की पुन्हा खणावा लागतो.

---

उत्तररात्र (धागालेखक)

काजळी, "तारखेच्या आधी तीन-चार वर्षं काम" ही दुरुस्ती मान्य, ती माझ्या मांडणीत हवीच होती. रानवारा यांचा संमतीचा मुद्दाही वाहिन्यांना तितकाच लागू पडतो.

पारेषण, एक विचारायचं होतं. मोर्चात जाणाऱ्यांना ग्रिडबद्दल काही करता येण्यासारखं आहे का? घोषणा द्यावी असा हा विषय नाही, हे कळतं.

---

पारेषण

आहे. ग्रिडचे निर्णय बहुतेक देशांत नियामक आयोगासमोर होतात आणि मसुद्यांवर लोकांच्या हरकती मागवल्या जातात. तिथे तीन गोष्टी विचारता येतात. जोडणीच्या रांगेत किती प्रकल्प आहेत आणि किती वर्षांपासून, ही यादी जाहीर करा. नवी वाहिनी मागण्याआधी जुन्याच मनोऱ्यांवर जास्त क्षमतेच्या तारा ओढून किती भागेल ते दाखवा, कारण त्याला नवी जमीन जवळपास लागत नाही आणि रानवारा म्हणतात तो संघर्षही टळतो. आणि औष्णिक केंद्र "ग्रिडच्या स्थैर्यासाठी" चालू ठेवायचं असेल तर नेमकी कोणती सेवा त्यातून मिळते, किती मेगावॉट, किती तास, आणि तीच सेवा बॅटरी किंवा कंडेन्सरकडून घेतली तर खर्च किती, याचा तक्ता मागा.

हा तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो. मी असल्या सुनावण्यांना बसलो आहे. एका बाजूला वीज कंपन्यांचे वकील आणि सल्लागार, दुसऱ्या बाजूला मोठ्या उद्योगांचे प्रतिनिधी, आणि ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. लेखी हरकत आली तर आयोगाला आदेशात तिची दखल घ्यावी लागते. पुढच्या मसुद्याची मुदत कळली की कोणीतरी इथे टाका, आकड्यांची बाजू मी तपासून देईन.

---

पायवाट

पारेषण, मी आणि आमच्या गटातल्या दोघी-तिघी तयार आहोत. वेगळा धागा काढते, त्यात हरकतीचा कच्चा मसुदा टाकू. काजळी, कामगारांचा भाग तुम्ही लिहाल का?

---

काजळी

लिहिते. आधी जवळच्या केंद्रातल्या कंत्राटी कामगारांशी बोलून घेते, कायम कामगारांचे हिशेब कागदावर असतात, त्यांचे नसतात.